सर्वाधिक सहभागी पालक

रेणुकाच्या नावासमोरचा ठिपका सलग सहाव्या आठवड्यात लाल राहिला, तेव्हा प्रिन्सिपलनी माझ्या हातात फॉर्म ठेवला.

"मिस, शुक्रवारपर्यंत भरून द्या. सोमवारपासून ती फाउंडेशन बॅचला बसेल."

फाउंडेशन बॅच म्हणजे आमच्या शाळेच्या तळमजल्यावर, जनरेटरच्या खोलीला लागून असलेला वर्ग. तिथे शिक्षक नसतो. एक अटेंडंट असते आणि डझनभर टॅबलेट असतात. मुलांनी कानाला हेडफोन लावायचा, पडद्यावरच्या चित्राला बोट लावायचं, की पडदा म्हणतो, 'ग्रेट जॉब!' चुकीच्या चित्राला लावलं तर म्हणतो, 'नाइस ट्राय!' तिथे गेलेलं मूल पुन्हा वरच्या मजल्यावर आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. नावात फाउंडेशन आहे, पण त्यावर मजला काही चढत नाही.

"तिचं चुकलं काय?" मी विचारलं.

"चुकलं नाही हो. डेटा आहे. होम सपोर्ट झिरो. सिस्टम म्हणते, हाय रिस्क."

"चाचणीत तर ती वर्गाच्या मधोमध आहे."

"आज आहे. सिस्टम पुढचं सांगते."

पुढचं सांगणारे माझ्या लहानपणी इथे बेंगळुरूत जयनगरच्या फुटपाथवर पोपट घेऊन बसायचे. ते निदान पोपट पिंजऱ्याबाहेर काढून दाखवायचे. आमची सिस्टम कोणी पाहिलेली नाही.

मी सव्वीस वर्षं प्राथमिकला शिकवते आहे. त्यातली शेवटची अकरा बेळ्ळंदूरच्या या शाळेत, तिसरीला. माझ्या वर्गात घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा मोजल्या तर एका हाताची बोटं पुरत नाहीत. तमिळ, मल्याळम, बंगाली, हिंदी, उर्दू, तेलुगू, ओडिया, आणि हो, कन्नडही थोडीफार. बहुतेक मुलं रिंग रोडलगतच्या टॉवर्समधून येतात. शाळेच्या ट्रस्टच्या नियमाप्रमाणे प्रत्येक वर्गात काही जागा मागच्या वस्तीतल्या मुलांसाठी असतात. रेणुका त्यातली. तिची आई मंजुळा टॉवरमध्ये घरकाम करते, वडील पाण्याचा टँकर चालवतात. दोघंही कलबुर्गीच्या बाजूचे.

या वर्षी शाळेने पालकांसाठी ॲप घेतलं. त्यात 'रीड टुगेदर' नावाचा प्रकार आहे. रोज संध्याकाळी दहा मिनिटं मुलाने मोठ्याने वाचायचं आणि पालकाने शेजारी बसायचं. फोन ते रेकॉर्ड करतो. मग ॲप त्या रेकॉर्डिंगमधला मोठ्या माणसाचा आवाज शोधतं. मोठं माणूस किती वेळा बोललं, त्याने किती प्रश्न विचारले, यावर गुण. गुण भरपूर असले की मुलाच्या नावासमोर हिरवा ठिपका, कमी असले की पिवळा, रेकॉर्डिंगच नसेल तर लाल. हे ठिपके रोज सकाळी हजेरीच्या वेळी स्मार्ट बोर्डवर झळकतात. सगळ्या वर्गासमोर. आठ वर्षांच्या मुलांना त्यांचे आईबाप कोणत्या रंगाचे आहेत हे दाखवण्याची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला म्हणे त्याबद्दल बक्षीसही मिळालं आहे.

पहिल्याच आठवड्यात मी बोर्डाच्या त्या कोपऱ्यावर पाण्याच्या चक्राचा तक्ता टांगला. प्रिन्सिपल राउंडला आल्या.

"मिस, डॅशबोर्ड दिसत नाही."

"पाऊस कसा पडतो ते दिसतंय ना?"

तक्ता काढावा लागला.

तर तो फॉर्म. चार पानी. त्यात एक रकाना असा होता: 'तुलनेसाठी याच वर्गातील उच्च सहभागी कुटुंबाचे रेकॉर्डिंग ऐकून निरीक्षण नोंदवा.' ॲपच्या ट्रेनरला मी फोन केला. हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा गृहस्थ सतत हसतमुख असतो.

"रेकॉर्डिंग मी ऐकायचं?"

"मॅम, ऐकायची गरज नाही. स्कोर कॉपी-पेस्ट करा. टीचर्स नेव्हर लिसन."

"पालक ऐकतात?"

"पालक कशाला ऐकतील? ते तर तिथेच असतात ना!"

मला सांगितलेलं काम मी करते, ही माझी जुनी खोड. मंगळवारी दुपारी मुलं पीटीला गेल्यावर मी स्टाफरूममध्ये इअरफोन लावून बसले आणि यादीत पहिलं असलेलं नाव उघडलं. तन्वी.

तन्वीची आई आमच्या पालक समितीची अध्यक्ष. पुण्याची. मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर. शाळेत आली की माझ्याशी आवर्जून मराठीत बोलते. पहिल्या भेटीत म्हणाली होती, "ओ माय गॉड मॅम, तुमचं मराठी किती क्यूट आहे! मधेच 'स्वल्प' काय म्हणता!" आमचं घराणं इथे तीनशे वर्षांहून जास्त काळ आहे. इतक्या वर्षांत आमच्या मराठीला कन्नडाचा वास लागला तर त्यात नवल नाही. ही बाई आठ वर्षं बेंगळुरूत राहून 'कन्नडा गोत्तिल्ला', म्हणजे कन्नड येत नाही, एवढंच शिकली आहे, ते मात्र तिला क्यूट वाटत नाही. पण तिचा ठिपका कायम हिरवा. सगळ्या तिसरीत तिचा स्कोर सर्वात वर. त्यामुळे माझा राग मी गिळून होते. बाई मुलीला वेळ देते, मग बाकीचं कशाला काढायचं, असं मला वाटे.

रेकॉर्डिंग सुरू झालं. तन्वी खेकड्याची गोष्ट वाचत होती. इंग्रजी पुस्तक. दोन ओळी झाल्या आणि एका बाईचा आवाज आला.

"हंगंद्रे एनु?"

म्हणजे काय, असं कन्नडात. तेही इकडच्या कन्नडात नाही, वर उत्तरेकडच्या जिल्ह्यांतल्या ठसक्यात. तन्वीने हिंदी-कन्नडाची खिचडी करून सांगितलं की खेकड्याला नवं घर हवंय.

"याके? का बरं, जुन्याला काय झालं?"

"तो मोठा झाला ना. त्यात बसत नाही."

"मग जुनं घर कोणाला देणार?"

हे पुस्तकात नव्हतं. तन्वी थांबली, विचार करून म्हणाली, "लहान खेकड्याला." बाई म्हणाली, "सरी. पुढे वाच. बोट सोडू नको."

दहा मिनिटं हेच. दोन ओळी, की 'हंगंद्रे एनु?' मागे कुठेतरी, दुसऱ्या खोलीतून, तन्वीच्या आईचा आवाज ऐकू येत होता. ती कोणाला तरी विचारत होती, "कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?"

मी दुसरं नाव उघडलं. जोएल. तोच खेकडा आणि तीच बाई. तिसरं उघडलं, इशान. खेकडा गेला, कासव आलं, पण बाई तीच. इशान तर चक्क म्हणाला, "मंजुअक्का, आज दोनच पानं हां." अक्का म्हणाली, "तीन."

मी रेणुकाचं कार्ड काढलं. आईचं नाव मंजुळा, कामाचं ठिकाण तोच टॉवर, ज्यात ही तिन्ही मुलं राहतात. रेकॉर्डिंगच्या वेळा पाहिल्या. साडेचार, साडेपाच, सव्वासहा. मजले बदलत होते, बाई जिना चढत-उतरत होती, आणि तीन घरांत तीन हिरवे ठिपके लागत होते. तिच्या स्वतःच्या मुलीचा लाल.

मला हसू आलं, मग संताप आला, आणि मग एक गोष्ट आठवून दोन्ही जागच्या जागी थांबलं. जूनमध्ये मी प्रत्येक मुलाची ओळख वहीत लिहिते. ती वही काढली. रेणुकाच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'घरून अभ्यासाला मदत नाही.' ॲप तर ऑगस्टमध्ये आलं. मी तिच्या आईला एक शब्द न विचारता, ती काय काम करते एवढ्यावरून ते लिहून मोकळी झाले होते. लाल ठिपका आधी मीच लावला होता, फक्त निळ्या शाईने.

आणखी एक गोष्ट. ही तीन मुलं आणि रेणुका, माझ्या वर्गात ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सर्वात छान सांगणारी हीच चौघं. पालकसभेत मी तन्वीच्या आईला म्हटलंही होतं, "तुमची मेहनत दिसते." ती मान वाकडी करून म्हणाली होती, "वी ट्राय, मॅम."

बुधवारी सकाळी मी मंजुळाला गेटवर बोलावून घेतलं. आदल्या दिवशी रेणुकाबरोबर चिठ्ठी पाठवली होती. ती कामावर जाण्याआधी आली, पदराला हात पुसत. तिचा चेहरा उतरला होता. शाळेतून चिठ्ठी येते ती तक्रारीचीच, हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. आम्ही कन्नडात बोललो, ते मी इथे मराठीत देते.

"मिस, रेणुकाने काही केलं का?"

"नाही. तुम्ही काय करता ते विचारायचंय. तन्वीच्या घरी संध्याकाळी वाचायला कोण बसतं?"

ती दचकली. "मी बसते. तन्वीच्या अम्मांनी सांगितलंय. फोनला मोठ्या माणसाचा आवाज लागतो म्हणाल्या. नुसतं हं हं म्हण, बास."

"मग तुम्ही प्रश्न का विचारता?"

"मला इंग्लिश येत नाही, मिस. नुसतं हं हं करत बसले तर झोप येते. दिवसभर उभी असते ना. पोर काय वाचतंय ते कळलं तर बसावंसं वाटतं. म्हणून विचारते." मग घाबरून म्हणाली, "विचारायचं नसतं का?"

बीएडला आम्हाला एक अख्खा पेपर होता. मुलाला वाचलेलं समजलं की नाही ते कसं ओळखावं, यावर. त्यातलं सार असं की शिक्षकाने असा प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर जणू त्याला ठाऊक नाही. आम्ही ते 'जणू' साधायला आयुष्यभर धडपडतो आणि मुलं आम्हाला लगेच ओळखतात. मंजुळाला उत्तर खरोखरच ठाऊक नसायचं. त्यामुळे मुलं जीव तोडून सांगायची. आणि ॲप, बिचारं, प्रश्न मोजून तन्वीच्या आईला गुण द्यायचं.

"घरी रेणुका वाचते?"

"रोज. मी स्वयंपाक करते, ती शेजारी बसते. तिलाही तेच विचारते. ती चिडते, म्हणते अम्मा, तुला काहीच येत नाही."

"मग रेकॉर्ड का नाही करत?"

"मोठा फोन एकच आहे, मिस. तो तिच्या अप्पांबरोबर टँकरवर असतो. पाण्याची फेरी कुठे आहे ते त्याच्यावरच येतं."

मी तिला फाउंडेशन बॅचचं सांगितलं. तिला ती खोली माहीत होती. वस्तीतली दोन मुलं तिथे गेली होती.

"खाली पाठवू नका, मिस. तिला खालची मुलं म्हणून चिडवतील. ती वाचते हो."

"मी प्रिन्सिपलना हे सगळं सांगते."

"नको!" तिने माझा हात धरला. "तन्वीच्या अम्मांना वाटेल मी चुगली केली. तिन्ही घरं एकमेकांशी बोलतात. त्या वाईट नाहीत, मिस. माझ्या ऑपरेशनला त्याच आल्या होत्या दवाखान्यात. मी त्यांचं काही सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका."

"बरं. नाही सांगत."

ती दोन पावलं गेली आणि वळली. या बाईला मी जूनपासून गरीब गाय समजत होते.

"पण मिस, त्या मशीननेच आपलं आपण सांगितलं, तर मी काय करणार? मी तर तोंड उघडलेलं नाही."

त्या दुपारी मी प्रिन्सिपलकडे गेले. नाव न घेता एवढंच म्हटलं, की रेणुकाच्या घरी वाचन होतं, फोन नाही म्हणून दिसत नाही.

"पुरावा?"

"आई सांगते."

"आई कधी पीटीएमला आली आहे?"

"पीटीएम तुम्ही मंगळवारी सकाळी अकराला ठेवता. त्या वेळी ती दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असते."

"मिस, प्लीज. इमोशनल होऊ नका. शनिवारी पार्टनरशिप मॉर्निंग आहे. आई आली, तर मी भेटेन. मग बघू. फॉर्म शनिवारपर्यंत तुमच्याकडे ठेवा."

पार्टनरशिप मॉर्निंग म्हणजे पालकांना हॉलमध्ये बसवून, त्यांना मफिन देऊन, त्यांचीच स्तुती करण्याचा कार्यक्रम. या वेळी ॲपवाले येणार होते. प्रत्येक इयत्तेतल्या सर्वाधिक सहभागी पालकाला सर्टिफिकेट, आणि त्यांच्या घरच्या वाचनाची एक मिनिटाची क्लिप मोठ्या पडद्यावर. क्लिप ॲप स्वतःच निवडतं. जिथे मोठ्या माणसाचे प्रश्न सर्वात जास्त, ती. मग ती दोघांकडे मंजुरीला येते. आधी पालकाकडे, मग क्लास टीचरकडे.

गुरुवारी सकाळी ती माझ्या स्क्रीनवर आली. तिसरी, तन्वी, खेकडा. तन्वीच्या आईने आधीच 'ॲक्सेप्ट' दाबलं होतं. क्लिप एक मिनिटाची होती. मेसेज आल्यापासून मंजुरीपर्यंत गेले होते चार सेकंद. या माणसांना दिवसाला इतके मेसेज येतात की वाचून दाबणं त्यांना परवडत नाही, आणि दाबायचं राहिलं तर त्याचाही लाल ठिपका येतो. तेव्हा ते आधी दाबतात. आमच्या ॲपवर सहभाग असाच वाढतो.

माझ्यासमोर दोन बटणं होती. 'ॲप्रूव्ह' आणि 'फ्लॅग'. मी तन्वीच्या आईला फोन करून सावध करू शकत होते. ते सभ्यपणाचं झालं असतं. पण ते केलं असतं तर क्लिप बदलली असती, सर्टिफिकेट तसंच राहिलं असतं, आणि सोमवारी रेणुका जनरेटरशेजारी हेडफोन लावून बसली असती. मी मंजुळाला वचन दिलं होतं की मी काही सांगणार नाही. सांगितलं नाही. ॲप्रूव्ह दाबलं. सव्वीस वर्षांत शाळेचं कुठलंही कागदकाम मी इतक्या आनंदाने केलेलं नाही.

घरी निघताना मात्र मी हिशेब मांडला. उलटलं तर कामाची घरं मंजुळाची जाणार होती, माझं काही जाणार नव्हतं.

शनिवारी हॉल भरला. पुढच्या रांगांत टॉवरवाले, शेवटच्या रांगेत दाराजवळ मंजुळा, इस्त्रीची साडी नेसून, शेजारी रेणुका. पुढे रिकाम्या खुर्च्या होत्या, तरी त्या तिथेच बसल्या. ट्रेनरने पहिली-दुसरीची क्लिप दाखवली. टाळ्या. मग म्हणाला, "अँड नाऊ, ग्रेड थ्री! या पेरेंटने महिन्यात सगळ्या शाळेत सर्वात जास्त प्रश्न विचारले आहेत. क्युरिऑसिटी चॅम्पियन!"

तन्वीची आई केस सारखे करत उठली. पडद्यावर तन्वीचा फोटो आला, स्पीकरमधून तिचा आवाज, दोन ओळी, आणि मग हॉलभर घुमलं:

"हंगंद्रे एनु?"

तन्वी खुर्चीवर उभी राहिली. "मंजुअक्का!"

"ती आमची अक्का आहे," जोएल ओरडला.

"आमच्याकडे पण येते," इशान म्हणाला. "तुझ्यानंतर येते. मला तीन पानं वाचायला लावते."

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. क्लिप चालूच होती. मागून स्पष्ट आवाज आला, "कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?" आता अर्धा हॉल हसत होता. ट्रेनर लॅपटॉपवर बटणं दाबत होता, पण क्लिप थांबेना. चांगल्या गोष्टी मधेच थांबू नयेत अशी सोय त्यांनीच करून ठेवली असावी.

मुलांचं भांडण चाललं होतं, कोणाची अक्का, कोणाची अक्का. तेवढ्यात मागून, वर्गात हात वर केल्याशिवाय कधी न बोलणारी रेणुका खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "शी इज माय मदर."

सगळा हॉल मागे वळला. मंजुळाने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं रडते आहे. जवळ गेल्यावर दिसलं, ती हसू दाबत होती.

प्रिन्सिपल उठून तिच्यापर्यंत चालत गेल्या. एवढं श्रेय त्यांना मी देते. त्यांनी विचारलं, "तुम्ही मुलांना इतके प्रश्न कसे विचारता? कुठे शिकलात?"

"नंगे इंग्लिश बरल्ला, मेडम. अदक्के केळ्तीनि," मंजुळा म्हणाली. मला इंग्लिश येत नाही, म्हणून विचारते.

मग तिने, कोणी न विचारता, तिन्ही मुलांचं सांगितलं. तन्वी ओळ गाळते, तिला बोट ठेवायला लावा. जोएलला एकट्याने वाचायची भीती वाटते, कोणी शेजारी असलं की नीट वाचतो. इशान चित्र बघून गोष्ट बनवतो आणि वाचल्याचं सोंग करतो, पण बनवतो झकास. माझ्या प्रगतिपुस्तकात या तिघांबद्दल 'गुड, कीप इट अप' एवढंच होतं. तीन घरचे आईबाप पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होते. कोणीतरी तर लिहूनही घेत होतं.

तन्वीच्या आईला सावरायला अर्धं मिनिट लागलं. मोठ्या कंपनीत उगाच पद मिळत नाही. ती माइक घेऊन म्हणाली, "ॲक्चुअली, हेच तर कम्युनिटी लर्निंग आहे! आम्ही मंजुला एम्पॉवर केलं." टाळ्याही पडल्या. कार्यक्रमानंतर मफिनच्या टेबलाजवळ तिने मला गाठलं.

"मॅम, तुम्हाला माहीत होतं. मला आधी सांगायचं ना."

"तुम्ही ऐकायचं ना. रेकॉर्डिंग तुमच्याच फोनवर होतं."

"माझे कॉल्स असतात हो त्या वेळी. रोज. यूएसवाले." तिचा आवाज पडला होता. "तन्वी घरी मला कधी गोष्ट सांगत नाही. मला वाटायचं तिला सांगताच येत नाही."

त्या एका वाक्यापुरतं मला तिचं वाईट वाटलं. मग ती म्हणाली, "आणि प्लीज, मंजुला जास्त चढवू नका हां," आणि ते वाटणं गेलं.

सोमवारी रेणुका माझ्याच वर्गात बसली. फॉर्मवर प्रिन्सिपलनी लिहिलं, 'अंडर ऑब्झर्व्हेशन'. म्हणजे चूक झाली, असं लिहायची सोय फॉर्मवर नसते. मंजुळाचं एक घर गेलं, इशानचं. त्याच्या वडिलांना आपल्या घरातली गोष्ट चारचौघांत गेली याचा राग आला आणि तो त्यांनी मंजुळावर काढला. ती बातमी घेऊन ती गेटवर आली, तेव्हा मी मान खाली घातली. म्हणाली, "असू द्या, मिस. तो जिना फार होता." तिने मला बरं वाटावं म्हणून ते म्हटलं, हे मला कळतं. तन्वीच्या आईने तिला ठेवलं, आणि वर आता धाकट्यालाही तासभर घेऊन बस म्हणून सांगितलं.

ॲपवाले गप्प बसणारे नव्हते. पंधरा दिवसांत अपडेट आलं. आता प्रत्येक पालकाने आपला आवाज नोंदवायचा. ॲप फक्त तोच आवाज मोजणार, दुसऱ्या कोणाचा नाही. पहिल्या सोमवारी मी स्मार्ट बोर्ड लावला. वरपासून खालपर्यंत लाल. तन्वी लाल, जोएल लाल. पिवळे तीन, हिरवा एकच. तो ज्याच्या घरी आजोबा आहेत आणि त्यांनी वडिलांच्या नावावर स्वतःचा आवाज नोंदवला आहे, त्याचा. मुलं खूश होती. त्यांना वाटलं काहीतरी सण आहे.

नियमाप्रमाणे सहा आठवड्यांनी मला वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलांचे फॉर्म भरावे लागले असते आणि अख्खी तिसरी तळमजल्यावर उतरली असती. तशी वेळ आली नाही. चौथ्या दिवशी सर्क्युलर आलं, की काही तांत्रिक कारणास्तव ठिपके दाखवणं बंद करण्यात येत आहे. एकटी रेणुका लाल होती तोवर तो डेटा होता. टॉवर लाल झाला, तेव्हा तो बिघाड ठरला.

बोर्डाचा तो कोपरा आता मोकळा आहे. मी तिथे पुन्हा पाण्याच्या चक्राचा तक्ता टांगला आहे. जूनच्या वहीतलं रेणुकाचं ते वाक्य मात्र मी खोडलं नाही. पुढच्या जूनमध्ये नवी नावं लिहिताना ते समोर असलेलं बरं. आणि शाळेत कोणी नवं काही विकायला आलं, की मी पहिल्या रांगेत बसते आणि दर दोन वाक्यांनी विचारते, म्हणजे काय? दोनदा उत्तर मिळतं. तिसऱ्यांदा त्यांना दुसऱ्या मीटिंगला जायचं असतं.